चोपदाराची तफावत

आमचं आडनाव चोपदार. शाळेत हजेरी घेताना नव्या बाई हमखास थांबायच्या आणि विचारायच्या, म्हणजे नेमकं काय गं? घरून शिकवलेलं उत्तर मी ठोकून द्यायचे, की राजेसाहेबांच्या पुढं चांदीची काठी घेऊन चालायचा मान आमचा. मागच्या बाकावरची पोरं विचारायची, मग काठी कुठाय. काठी आमच्याकडं नव्हती. अब्बांकडं एस.टी.चं स्टेअरिंग होतं, आणि त्यांच्या पुढं कुणी ओरडत चालत नसल्यामुळं ते स्वतःच हॉर्न वाजवायचे.

पुढं मी इतिहासात एम.ए. झाले. आमच्या खानदानात दहावीच्या पलीकडं गेलेली पहिली मीच, हे मी कुणी न विचारताही सांगते. एम.ए.ला कळलं की फारसीत चोब म्हणजे लाकूड. चोबदार म्हणजे लाकूडवाला. हातात भाला असला तर भालदार, दांडकं असलं तर चोपदार, एवढाच काय तो थाट. काम दोघांचं एकच: कुणीतरी मोठा माणूस येतोय हे आधी ओरडून सांगायचं, म्हणजे बाकीचे वेळेवर वाकायला मोकळे. या ओरडण्याला ललकारी म्हणतात. सुलतानांनी चोपदार ठेवले, मराठ्यांनी ठेवले, आणि गोऱ्या साहेबाला इथलं बरंच काही पटलं नाही तरी चोपदार मात्र लगेच पटला. राज्यं बुडाली, ओरडणारे उरले. आजही मोठ्या कोर्टात न्यायमूर्तींच्या पुढं एकजण दंड घेऊन चालतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या येण्याची बातमी द्यायची हा आमचा धंदा. आपण आलोय हे मात्र चोपदारानं ओरडायचं नसतं.

गेल्या चैत्रापर्यंत हे ज्ञान माझ्या काडीच्याही उपयोगाचं नव्हतं. मग आमच्या 'चोपदार परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर, रोजच्या गुलाबांच्या आणि शुभ सकाळच्या मधोमध, एक आवाज आला. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातून कुणी हुसेन चोपदार बोलत होते. बोलत कसले, फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यांच्या गावात भैरोबाच्या पालखीपुढं ललकारी द्यायचा मान त्यांच्या घराकडं. त्या ललकारीत एक शब्द येतो, तफावत. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी सांगितलंय की तो शब्द काढा, नाहीतर यंदापासून चोप, म्हणजे ती काठी, खाली ठेवा, आम्ही बाहेरून चोपदार आणतो. "ग्रुपमदी कुनी शिकल्यालं असंल तर या, आन ह्या शब्दाचा मतलब काय त्यो कमिटीला सांगा. माज्या बापानं मला ह्यो शब्द दिलाय. शब्द गेला तर म्या बी गेलो."

ग्रुपात दोन इंजिनियर, एक वकील. तिघांनीही हात जोडल्याचं चित्र टाकलं. अब्बांनी मला न विचारता लिहिलं, 'माझी मुलगी एम.ए. हिस्ट्री आहे.' त्यानंतर कोल्हापूर सोडण्यावाचून इलाज नव्हता.

नगर

बसच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर, आणि तिकिटावर काय छापलं होतं ते शाई पुसल्यामुळं समजलं नाही. अब्बा निवृत्त एस.टी. ड्रायव्हर असल्यामुळं पूर्ण प्रवासात त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. प्रत्येक वळणावर ते पुढच्या ड्रायव्हरला मनातल्या मनात गाडी शिकवत होते, आणि मनातलं मला ऐकू येत होतं.

आमच्याकडं रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस, ऊस संपला की नदी, नदी संपली की परत ऊस. इथं आभाळ आधी दिसतं आणि जमीन नंतर. उन्हाला सावलीची सवय नाही. अब्बा म्हणाले, असल्या मोकळ्या मुलखात ललकारी लांब जात असेल बघ, आमच्याकडं उसात अडकली असती.

शहरात उतरल्या उतरल्या किल्ला बघायचा असा त्यांचा हट्ट. हुसेन चोपदारांनी फोनवर सांगितलं होतं की आपले मूळ पुरुष निजामशहाच्या दरबारात ललकारी द्यायचे, तेव्हा किल्ला म्हणजे जवळजवळ आपलाच. किल्ला लष्कराकडं आहे. दारातल्या जवानानं आधारकार्ड मागितलं. अब्बांनी आडनावाकडं बोट दाखवून थोडा वेळ वाट पाहिली. जवान पंजाबी होता. त्यानं कार्ड परत दिलं आणि बॅग उघडायला सांगितली. तीत आमची भडंगाची पिशवी फुटली होती. पूर्वजांच्या दारात आम्ही भडंग वेचला आणि मग आत गेलो.

भिंगार

मुक्काम भिंगारला, अब्बांच्या एका जुन्या मेकॅनिक दोस्ताकडं. भिंगार म्हणजे छावणीला लागून असलेलं गाव. एका बाजूला चुना फासलेले दगड आणि सरळ रेषेतली झाडं, दुसऱ्या बाजूला कशाचीच सरळ रेष नसलेला बाजार. दोस्ताच्या बायकोनं बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात घातलेलं पिठलं केलं. आमच्याकडं पाहुण्याला पिठलं घातलं तर पाहुणा तोंडावर काही बोलत नाही, पण घरी जाऊन बोलतो. मी तिसरी भाकरी मागून घेतली, तेव्हा अब्बांनी माझ्याकडं घरी जाऊन बोलायच्या नजरेनं पाहिलं.

संध्याकाळी गल्लीतून वरात निघाली. नवरदेव घोड्यावर, आणि घोड्यापुढं चार चोपदार. भरजरी अंगरखे, कमरेला शेले, डोक्याला कात्रज-कोंढव्याइतके वळसे घेतलेले फेटे. दर दहा पावलांना एकजण दंड उंचावायचा आणि अशी काही दणदणीत ललकारी उठायची की माझ्या अंगावर काटा आला. चौथ्यांदा काटा आला तेव्हा लक्षात आलं की त्याचे ओठ एका शब्दानं मागं आहेत. आवाज घोड्याला बांधलेल्या स्पीकरमधून येत होता.

वरात थांबल्यावर मी त्याला गाठलं. नाव विकी. दिवसा जिममध्ये शिकवतो, लग्नसराईत चोपदारी करतो. रेकॉर्डिंग कुणाचं, त्याला ठाऊक नव्हतं. "आवाजाचं टेन्शनच न्हाई मॅडम, आपन फक्त हात वर करायचा. पर हात बराबर टायमाला वर झाला पायजे, न्हाईतर पब्लिक हासतं," असं त्यानं धंद्यातलं मर्म सांगितलं. आम्ही चोपदार आहोत हे कळल्यावर तो आदरानं म्हणाला, म्हणजे तुमची पन इव्हेंट कंपनी हाय का. अब्बांनी खानदान समजावून सांगायला घेतलं, तर त्यानं मधेच सेल्फी काढला. मग जाता जाता सहज बोलून गेला की येत्या यात्रेला त्यांची पार्टी कर्जतकडं जायची बोलणी चालली आहेत, कुठलंसं बोरखडी, तिथला म्हातारा चोपदार ऐकत नाही म्हणे.

बोरखडी हे आमच्याच हुसेनचाचांचं गाव. माझी भाकरी तिथल्या तिथं जिरली.

बोरखडी खुर्द

फारसीवर माझी भारी हुकमत. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोर, हे मी बसमध्ये अब्बांना समजावून सांगितलं. चाचांनी सांगितलेलं गाव खुर्द. फाट्यावर बस थांबली, एका बाजूला माळापलीकडं चार घरं, दुसऱ्या बाजूला शाळा, पाण्याची टाकी आणि बँक. लहान ते खुर्द, असं म्हणून मी अब्बांना चार घरांत घेऊन गेले. तिथं एका आजीबाईनं सांगितलं की हे बुद्रुक. कधीकाळी हेच थोर होतं. मग कालवा पलीकडून गेला, गाव पाण्यामागं गेलं, आणि नाव मात्र इथंच राहिलं.

खुर्दपर्यंत चालत गेलो. माळावर दोन काळवीट उभे होते, शिंगं पिळदार, पाठ ऐटीत. या भागात त्यांचा राबताच आहे. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि चरायला लागले. अब्बा म्हणाले, यांना चोपदार लागत नाही.

हुसेनचाचा वेशीपाशी वाट बघत उभे होते. मेंदी लावलेली दाढी, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे, आणि त्या शेंगेतून निघणारा आवाज रेल्वे इंजिनाचा. त्यांनी मला बघून गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आमची एम्मे आली." तीन घरांतून बायका बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या येण्याची बातमी दिली, त्यामुळं मी चाचांवर तेव्हाच खूश झाले. आमची घरची बोली दखनी, त्यांच्या घरात गावचीच मराठी. दहा मिनिटांत आम्ही अर्धी त्यांची, अर्धी आमची अशी खिचडी बोलायला लागलो.

चोप बघायची मला कोण उत्सुकता. चाचा आत गेले आणि रिकाम्या हातानं बाहेर आले. चाचींना हाक मारली. चाची परसातून चोप घेऊन आल्या, त्याच्या टोकाला आकडा बांधलेला. "शेवग्याला काठी पुरत न्हाई दुसरी," त्या निवांत म्हणाल्या. चाचांनी आकडा सोडला, सदऱ्याच्या बाहीनं मूठ पुसली. मुठीवर चांदीचा पत्रा होता, बऱ्याच ठिकाणी पितळेनं त्याची जागा घेतली होती, आणि एका बाजूला वाघाचं तोंड कोरलेलं होतं. ते झिजून झिजून आता मांजराच्या आसपास आलं होतं.

जेवणापर्यंत चाचांनी घराण्याचा इतिहास सांगितला. सुरुवातीला पूर्वज निजामशहाच्या पदरी होते, चहा येईपर्यंत ते आलमगीर बादशहाकडं गेले, आणि भाकरी वाढली तेव्हा पेशव्यांनी त्यांना हात धरून आणलं होतं. मी एम.ए.च्या सवयीनं पुरावा विचारला. चाचांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की हा आवाजच पुरावा. मग मी मुद्द्याला हात घातला: तफावत म्हणजे काय, असं तुम्हाला वाटतं?

चाचा पहिल्यांदाच हळू बोलले. ठाऊक नाही म्हणाले. बापाला विचारलं होतं, त्यालाही ठाऊक नव्हतं. पण गावातल्या बायका तापलेली पोरं घेऊन येतात आणि चोप कपाळाला टेकवून तफावत म्हणायला लावतात. त्यांच्या हिशेबी ताप हटव, त्याचंच ते तफावत झालेलं. "उतरतो का ताप?" अब्बांनी विचारलं. चाची आतून म्हणाल्या, "सोबत गोळी बी दित्यात."

आणि अध्यक्षांना या शब्दाचं काय वावडं? ते ऐकून अब्बा हसता हसता आडवे झाले. अध्यक्षांना सगळं गाव काटेवाले अण्णा म्हणतं. मोठ्या रस्त्याला त्यांचा वजनकाटा आहे, उसाच्या ट्रॉल्या तिथं वजनाला लागतात. कारखान्यावरचं वजन आणि अण्णांच्या काट्यावरचं वजन यांत फरक पडला की शेतकरी म्हणतात तफावत आली. ऊसवाल्यांच्या गावात या शब्दाला दुसरा अर्थच उरलेला नाही. गेल्या वर्षी अण्णा नवा फेटा बांधून पालखीच्या म्होरं मधोमध चालले होते. नेमकं त्याच वेळी त्यांच्या चार हात पुढून चाचा गरजले, "तफावत... तफावत..." एक ऊसवाला बाजूनं म्हणाला, अण्णा, देवाला बी कळलं. मग सगळी यात्रा हसायची थांबेना.

अर्थ

पालखीच्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात कमिटी बसली. अण्णा गोरेगोमटे, ऐसपैस, माणूस वाईट अजिबात नाही. आम्हाला चहा सांगितला, अब्बांना खुर्ची दिली. कोल्हापूरकडं उसाला काय भाव, हेही विचारून घेतलं. शेजारी गावच्या सरपंच मालनताई बसल्या होत्या. त्यांचं घर बौद्ध. देवधर्म त्या करत नाहीत आणि तसं त्यांनी गावाला स्वच्छ सांगितलेलं. पण पालखी ग्रामपंचायतीसमोर थांबते, तिथं सरपंचानं कमिटीच्या हातात नारळ द्यायचा असा रिवाज, म्हणून त्या बैठकीला आल्या होत्या. देवाचा नव्हे, खुर्चीचा नारळ, असं त्या म्हणायच्या.

मी उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. मी सांगितलं की तफावत हा शब्द काट्यावर जन्मला नाही. मुळात त्याचा अर्थ अंतर. दरबारात सरदाराची स्वारी यायची, पुढं चोपदार तफावत तफावत म्हणत चालायचा, म्हणजे अंतर ठेवा, बाजूला व्हा, वाट सोडा. पुढं कागदोपत्री दोन आकड्यांमधल्या अंतराला तो शब्द चिकटला. तेव्हा चाचांच्या ललकारीत अण्णांच्या काट्याचा काहीएक संबंध नाही.

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, मग कमिटीकडं वळून स्वतः सांगितलं. "बघा, शिस्तीचा शब्द हाय. आन तुमी येड्यावानी हासता." चोप चाचांकडंच राहणार, नगरच्या पार्टीला नको म्हणून कळवा, ललकारी पहिल्यापासून शेवटपर्यंत होईल, एक अक्षर काढायचं नाही. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अब्बा खुर्चीत ताठ झाले. मी मनातल्या मनात ग्रुपवरच्या इंजिनियरांना मेसेज लिहायला घेतला.

तेवढ्यात मालनताई म्हणाल्या, "मॅडम, अंतर ठेवा म्हंजे कुनी?"

मी म्हटलं, म्हणजे लोकांनी.

"कंच्या लोकांनी?"

उत्तर सुचलं होतं, म्हणून मी ओढणी नीट करायला लागले.

मालनताईंचा आवाज चढला नाही. त्यांनी सासूची गोष्ट सांगितली. सासू लहान होती तेव्हा पालखी निघाली की त्यांच्या आळीतली माणसं दारं ओढून घ्यायची. सासूला कुणीतरी सांगितलं होतं की देवाच्या म्होरं एक बया चालते, तिचं नाव तफावत. तिची हाक आली की आपल्या माणसांनी रस्त्यात दिसायचं नाही. छप्पन साली दीक्षा घेतली, देव सुटले, पण सासूची बया काही सुटली नाही. पार म्हातारपणी चाचांचा आवाज आला की ती नातवंडांना आत ओढायची. "आमी हासायचो तिला. म्हनायचो, आई, बया कुटली, हुसेनभाई हायेत ते, मघाशी च्या पिऊन गेल्ते आपल्यात."

चाचा खाली बसले. खांबाला टेकून, चोप मांडीवर आडवा घेऊन. "म्या ह्ये म्हनत हुतो?" त्यांनी मला विचारलं, जणू मी नाही म्हणू शकत होते. "तुज्या दारात म्हनत हुतो, मालन?"

अण्णा गडबडले. जुनी गोष्ट आहे म्हणाले, आता असं कुणी मानतं का, आणि गर्दीला आवरायला एक शब्द हवाच. मालनताई म्हणाल्या, आवरा की. शब्द काढा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. फक्त उठताना विचारलं, "आता कुनाला म्हनायचा, तेवडं ठरवा."

ते कुणी ठरवलं नाही. पाच मिनिटांत सगळा मामला उलटा झाला. कालपर्यंत ज्यांना शब्द नको होता, ते अण्णा आता म्हणत होते की अर्थ कळलाय, आता म्हणायचाच, नाहीतर गेल्या वर्षीचा हशा खरा ठरतो. आणि शब्द गेला तर मी गेलो म्हणणारे चाचा आता म्हणत होते की माझ्या तोंडातून तो निघायचा नाही. अण्णांनी अखेर सांगून टाकलं: ललकारी पुरी होईल, नाहीतर चोप आजच देवळात जमा करायचा. विकीची पार्टी, जिला दहा मिनिटांपूर्वी नको म्हणून कळवलं होतं, तिला परत थांबा म्हणून कळवलं गेलं. बिचारा विकी त्या सकाळी किती वेळा फेटा बांधत आणि सोडत होता, देव जाणे.

आमटी

दुपारी पंगत. कर्जतच्या बाजूला यात्रेला मोठ्या काहिलीत आमटी शिजवतात, तिला शिपी आमटी म्हणतात. भाजलेलं खोबरं, कांदा, मसाला आणि त्यात तुरीची डाळ, पण डाळीचं काही चालत नाही, राज्य मसाल्याचं. भाकरी कुस्करायची, वरून आमटी ओतून घ्यायची आणि हातानं ओरपायची. वाढप्यानं अब्बांना विचारलं, कमी तिखटाची वेगळी काढू का. कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. अब्बांनी दोन वाढी जास्त घेतल्या, आणि मग त्यांना उचकी लागली ती संध्याकाळपर्यंत. तांबड्या रश्श्याची इभ्रत त्या उचकीगणिक जात होती.

चाचा जेवले नाहीत. परसात शेवग्याखाली बसून होते. मी शेजारी जाऊन बसले. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. बाहेर जायला माझ्या घरात भांडून जागा करावी लागली होती, शिकून आले आणि पहिल्याच फटक्यात म्हाताऱ्याच्या हातातली काठी काढायची वेळ आणली. मी म्हटलं, चाचा, मी आलेच नसते तर बरं झालं असतं. चाचा म्हणाले, तू आली नसतीस तर शब्द काढावा लागलाच असता, आणि तो का काढला ते चुकीचंच राहिलं असतं. मग म्हणाले की चोप घराण्यात राहावा असं त्यांना फार वाटतं, पण मालनच्या सासूला ते आयुष्यभर घाबरवत राहिले हे पचत नाही. तिच्या हातची लापशी त्यांनी खाल्ली होती.

काय करणार, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी उठून चोपाची मूठ चिंचेनं घासायला घेतली, म्हणून विचारलं नाही.

पालखी

उन्हं कलली तशी पालखी निघाली. ढोल, झांजा, गुलाल. चाचांनी अंगरखा घातला, जुनाच, काखेत उसवलेला. डोक्याला पिवळा फेटा. पुढं चाचा, त्यांच्या मागं अण्णा आणि कमिटी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, त्यांच्या मागं पालखी. कमिटीचं आणि पालखीचं अंतर म्हणाल तर वीतभर, कारण फोटोत देवाबरोबर कोण आलं यावर गावात वर्षभर चर्चा चालते. चोपदार सगळ्यांत पुढं, देवाकडं पाठ आणि गावाकडं तोंड करून. वाट मोकळी करायची म्हणजे तोंड पुढंच पाहिजे. निजामशहापासून पेशव्यांपर्यंत हीच रीत.

वाटेत दोन ठिकाणी चाचांनी ललकारी दिली. "आस्ते कदम... निगाह रखो... भैरवनाथ महाराजांची स्वारी..." आवाज माळापार गेला. तफावत मात्र नाही. पहिल्यांदा अण्णांनी मागून खाकरून दाखवलं. दुसऱ्यांदा पुढं होऊन कानाशी काहीतरी बोलले. चाचांनी मान डोलवली. ती हो म्हणून डोलवली की ऐकलं म्हणून, ते समजायला मार्ग नव्हता.

पालखी ग्रामपंचायतीसमोर आली. पायरीवर मालनताई नारळ घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या आळीतल्या बायका ओट्यावर, पोरांना पुढं घेऊन बघत होत्या. ललकारीची ही मुख्य जागा, इथं शब्द म्हणायचाच. झांजा थांबल्या. ऊसवाले मंडळी आधीच तोंड दाबून तयार. मी अब्बांचा हात धरला, अब्बांची उचकी तेवढी चालू होती.

चाचांनी चोप उंचावला. समोर मालनताई. "आस्ते कदम," ते म्हणाले. "निगाह रखो." आणि थांबले. इतके थांबले की पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

मग ते वळले. चोपदार चालता चालता कधी वळत नाही, चाचाही वळले नव्हते कधी. त्यांनी मालनताईंकडं आणि त्यांच्या आळीकडं पाठ केली, तोंड पालखीकडं केलं, कमिटीच्या थेट समोर. चोप आडवा धरला.

"तफावत."

कमिटीला कळेना. अण्णांनी मागं वळून पाहिलं की हे कुणाला म्हणतोय. मागं देव होता.

"तफावत," चाचा परत गरजले. त्या शेंगेसारख्या देहातून तो आवाज असा आला की देवळावरची कबुतरं उडाली. अण्णांचा पाय आपोआप मागं गेला. त्यांच्या मागच्याचा त्याच्या मागच्याच्या अंगठ्यावर पडला. पालखीचे भोई आयुष्यभर याच आवाजावर पावलं टाकत आलेले, तेही दोन पावलं मागं सरकले, आणि भैरोबा महाराज गावच्या इतिहासात पहिल्यांदा उलटे चालले. मधे रस्ता मोकळा झाला. त्या मोकळ्या रस्त्यात मालनताई पायरी उतरून आल्या, नारळ पुढं केला, आणि तो घ्यायला अण्णांना चार पावलं चालत यावं लागलं.

ऊसवाल्यांनी मग धरून ठेवलेलं सगळं हसू एकदम सोडलं. मालनताईही हसल्या, मान वर करून, मोठ्यानं. ओट्यावरच्या बायका हसत होत्या. नारळ हातात घेऊन अण्णा गुलालाहून लाल झाले होते, आणि चाचा परत पुढं तोंड करून चालायला लागले होते, जणू काही झालंच नाही.

पालखी देवळात परत गेल्यावर अण्णा मला शोधत आले. मला वाटलं, आता चोप जमा. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, मॅडम, तुमच्या त्या फारसीत हा शब्द तोंड कुणीकडं करून म्हणायचा असं काही लिहिलेलं असतं का?

मी म्हटलं, नाही. अर्थ दिलेला असतो, दिशा दिलेली नसते.

अण्णांनी याच्यावर विचार केला. लांबून ऊसवाले त्यांच्याकडं बघून अजून हसत होते. पलीकडं मालनताई चाचींबरोबर बोलत उभ्या होत्या. चोप काढून घेतला तर कशामुळं काढला हे सबंध तालुक्याला सांगत बसावं लागलं असतं. त्यांनी फेटा सारखा केला आणि चाचांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा तोंड पुढं ठेवा म्हनावं हुसेनभाईला."

चाचांनी त्यातले पहिले दोनच शब्द ऐकले.